भयाचा झटका : स्वरूप आणि शमन

रेल्वेच्या डब्यात खिडकीपाशी बसलेल्या एका शिक्षकाची कल्पना करावी. वय पस्तिशीच्या आसपास, प्रकृती निकोप, प्रवास नित्याचाच. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली आहे आणि डब्यात उकाडा आहे, एवढेच काय ते निमित्त. अकस्मात त्याचे हृदय जोराने धडधडू लागते. श्वास अपुरा वाटतो, तळहातांना घाम सुटतो, ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोके हलके होते; आणि आपला अंतकाळ जवळ आला अशी त्याची खात्रीच होते. वीस-पंचवीस मिनिटांत हे सारे ओसरते. पुढे रुग्णालयात हृदयाचा विद्युत्-आलेख काढला जातो व तो निर्दोष ठरतो. 'तुम्हांला काही झालेले नाही,' असे डॉक्टर सांगतात. शिक्षकाला मात्र ते पटत नाही. कारण काहीतरी झाले होते याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही.

दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. हृदयाला इजा झालेली नाही. परंतु शरीरात जे घडले ते काल्पनिकही नव्हते. या अनुभवाला भयाचा झटका, अथवा आज सर्वत्र रूढ झालेल्या शब्दांत 'पॅनिक अटॅक' असे म्हणतात. तो काही मिनिटांतच शिखरास पोहोचतो व नंतर ओसरू लागतो. धडधड, घाम, कंप, गुदमरल्याची जाणीव, छातीत दुखणे, मळमळ, भोवळ, मुंग्या, थंडी वा उष्णतेच्या लहरी, भोवतालचे जग खोटे वाटणे, स्वतःवरील ताबा सुटण्याची किंवा मरणाची भीती अशी 13 लक्षणे वैद्यकशास्त्राने नोंदलेली आहेत. त्यांपैकी किमान 4 एकदम प्रकट झाली म्हणजे त्यास पूर्ण झटका मानतात. असा एखादा झटका आयुष्यात केव्हातरी पुष्कळांना येऊन जातो. तो वेडाचे लक्षण नाही, भित्रेपणाचे नाही आणि बाहेरच्या बाधेचेही नाही. मग तो आहे तरी काय?

शरीराचा पहारेकरी

या प्रश्नाचे उत्तर शरीराच्या एका अत्यंत उपयुक्त व्यवस्थेत सापडते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी वेदना, भूक, भय व क्रोध या अवस्थांत शरीरात होणाऱ्या बदलांचा सूक्ष्म अभ्यास करून 1915 साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. संकट समोर येताच प्राण्याचे शरीर दोन गोष्टींसाठी सज्ज होते, लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

ही सज्जता अशी होते. मेंदूला धोक्याची वार्ता पोहोचताच अनुकंपी मज्जासंस्था जागृत होते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन हा स्राव सोडतात. हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त वाहू लागते, श्वास जलद होतो, शरीर थंड राखण्यासाठी घाम सुटतो, पचनाचे काम मंदावते आणि तोंडातील लाळ आटते. मराठी भाषेने हे सारे शरीरशास्त्राच्या कितीतरी आधी टिपून ठेवले आहे. भयाने तोंडचे पाणी पळते, पोटात गोळा येतो, अंगाला दरदरून घाम फुटतो, छातीत धडकी भरते, असे आपण म्हणतो. हे निव्वळ अलंकार नसून शरीरातील प्रत्यक्ष घटनांची ती वर्णने आहेत.

वाटेत फणा काढलेला नाग दिसला असता ही व्यवस्था माणसाचे प्राण वाचवते. भयाच्या झटक्यात तीच व्यवस्था, नाग नसताना, कामास लागते. पहारेकरी प्रामाणिक आहे. केवळ त्याने चोर नसताना आरोळी ठोकली आहे. आणि आरोळी कितीही कर्कश असली तरी आरोळीने घर लुटले जात नाही. वेगाने जिना चढताना निरोगी माणसाच्या हृदयाची जी गती होते, तशीच गती येथे बसल्या जागी होते. रक्तात आलेले ॲड्रिनॅलिन काही मिनिटांतच विघटित होऊ लागते. म्हणूनच झटक्याला शिखर असते आणि शिखरानंतर उतारही असतो.

श्वासाचे गणित

झटक्यातील सर्वांत भयंकर जाणीव गुदमरण्याची असते. आणि याच ठिकाणी मनुष्याची सर्वाधिक फसगत होते. हवा कमी पडत आहे असे वाटून तो मोठमोठे श्वास घेऊ लागतो. वस्तुतः निरोगी माणसाच्या रक्तात त्या वेळी प्राणवायूची उणीव नसतेच. उणीव होते ती कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, या वायूची. शरीराच्या गरजेहून अधिक श्वासोच्छ्वास केल्याने हा वायू प्रमाणाबाहेर उच्छ्वासावाटे निघून जातो. त्यामुळे रक्ताची अल्कता किंचित वाढते व मेंदूच्या रक्तवाहिन्या काहीशा आकुंचित होऊन भोवळ आल्यासारखे वाटते. रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण उतरून ओठांना व बोटांना मुंग्या येतात. क्वचित बोटे वाकडीही होतात. ही लक्षणे पाहून मनुष्य अधिक घाबरतो, अधिक जोराने श्वास घेतो आणि लक्षणे आणखी वाढवून घेतो.

या वायूचा भयाशी असलेला संबंध दुसऱ्या बाजूनेही दिसून आला आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचे दोन लहान भाग असून त्यांचा भयाशी निकट संबंध आहे. एका दुर्मीळ व्याधीने हे दोन्ही भाग निकामी झालेल्या 3 व्यक्तींना कर्बद्विप्राणिदाचे प्रमाण 35 टक्के असलेली हवा हुंगावयास दिली असता तिघांनाही भयाचा झटका आला, असे अमेरिकेतील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केले. त्यांतील एका स्त्रीला सापाचे वा कोळ्याचेही भय वाटत नसे. ज्यांना बाहेरच्या संकटाची भीती माहीत नाही, त्यांच्याही शरीरात गुदमरण्याची सूचना देणारी घंटा शाबूत होती. यावरून, झटका येणे हा धैर्याचा अभाव नव्हे, हे उघड होते.

भीतीची भीती

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, 1871 साली, फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कॉस्टा यांनी 300 हून अधिक सैनिकांची माहिती प्रसिद्ध केली. धडधड, छातीतील वेदना व धाप यांनी हे सैनिक बेजार झाले होते. परंतु तपासणीत त्या त्रासाला साजेसा हृदयाचा दोष आढळत नसे. दा कॉस्टांनी या विकाराला 'क्षोभशील हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळाने, 1980 साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले.

परंतु झटका वारंवार का येतो? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली याचे एक सुबोध स्पष्टीकरण मांडले. शरीरात एखादी साधी संवेदना उठते. उन्हातून आल्यामुळे, कडक चहा घेतल्यामुळे किंवा जागरणामुळे हृदय थोडे जलद चालते. मनुष्य त्या संवेदनेचा अर्थ लावतो : 'हा हृदयविकार.' त्या अर्थामुळे भय उपजते, भयामुळे धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या चुकीच्या अर्थाला पुरावा म्हणून उभी राहते. अशा रीतीने भीतीचे वर्तुळ पूर्ण होते.

या वर्तुळाची खरी हानी झटक्याच्या त्या अर्ध्या तासात नसते. ती नंतरच्या महिन्यांत होते. आपल्या शिक्षकाला आता गाडीचीच धास्ती वाटू लागते. तो प्रथम गाडी टाळतो, मग बस, मग बाजार, मग सभासमारंभ. टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते. परंतु 'टाळले म्हणून वाचलो' असा खोटा धडा मन शिकते. एक झटका अर्ध्या तासात संपतो. त्याच्या भयाने मात्र माणसाचे सारे आयुष्य चार भिंतींत आक्रसू शकते.

झटका आला असता काय करावे

पूर्वी तपासणी होऊन शरीर निर्दोष असल्याचे कळलेले असेल, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट, झटक्याला त्याच्या नावाने ओळखावे. 'हा भयाचा झटका आहे. हा क्लेशकारक आहे, पण घातक नाही. हा ओसरेल,' असे स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगावे. भोवळ आल्यासारखे वाटले तरी प्रत्यक्ष शुद्ध हरपणे विरळा असते. कारण शुद्ध हरपते ती बहुधा रक्तदाब एकदम उतरल्याने, आणि झटक्यात तो सामान्यतः चढलेला असतो.

दुसरी गोष्ट, श्वास मोठा करण्याऐवजी संथ करावा. नाकाने, पोट हलकेच वर येईल असा, चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणेच किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवणे लाभदायक ठरते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असल्यास तो धोक्याचा आहे.

तिसरी गोष्ट, लक्ष बाहेर वळवावे. पायांखालची जमीन, हाताखालचे बाकड्याचे लाकूड, खिडकीबाहेरची झाडे, कानांवर येणारे आवाज यांची एकेक करून मनाशी नोंद घ्यावी. स्वतःची नाडी पुनःपुन्हा चाचपू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, झटक्याशी झुंजू नये व तेथून पळूही नये. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हाच मार्ग सांगितला : भीतीला सामोरे जावे, तिचा स्वीकार करावा, तिच्यावर तरंगत राहावे आणि काळ जाऊ द्यावा. पुराच्या पाण्यात हातपाय झाडणारा लवकर थकतो. अंग सैल सोडणारा तरतो. श्वास मोजणे हेही भीती हाकलण्याचे मंत्रतंत्र समजू नये. लाट ओसरेपर्यंत स्थिर राहण्याचे ते केवळ साधन आहे. शक्य असेल तर त्याच जागी थांबावे आणि झटका उतरल्यावर हाती असलेले काम पुढे चालू करावे. प्रत्येक वेळी असे केल्याने मन खरा धडा शिकते : मी पळालो नाही, तरीही मी सुखरूप आहे.

जवळच्यांचे कर्तव्य

परीक्षागृहात एखाद्या विद्यार्थिनीला झटका आला, तर शिक्षकांनी व मैत्रिणींनी तिच्याभोवती गर्दी करू नये. 'घाबरू नकोस', 'नाटक करू नकोस' असले शब्द निरुपयोगी असतात. त्यांनी भीतीत लाजेची भर पडते. एकाने शांतपणे जवळ बसावे, हळू आवाजात बोलावे, तिच्याबरोबर सावकाश श्वास मोजावा आणि हे ओसरेल एवढे सांगून सोबत करावी. त्रास थांबल्यावर तिला उत्तरपत्रिकेकडे परतण्याची मोकळीक द्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

छातीतील प्रत्येक वेदना म्हणजे भयाचा झटका, असे समजणे मात्र प्राणघातक ठरू शकते. असा त्रास प्रथमच होत असेल, वेदना श्रमाने वाढत असेल, हात, पाठ किंवा जबड्याकडे पसरत असेल, शुद्ध हरपली असेल, अथवा वय उतरते असून मधुमेह वा रक्तदाब असेल, तर मुळीच वाट न पाहता रुग्णालय गाठावे. 112 या क्रमांकावर तातडीची मदत मागता येते. कंठस्थ ग्रंथीचा अतिरेकी स्राव, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, रक्तातील साखर उतरणे यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून एकदा तपासणी अवश्य करावी.

झटके वारंवार येत असतील किंवा त्यांच्या धास्तीने घराबाहेर पडणे कमी झाले असेल, तर त्यावर परिणामकारक उपचार आहेत. विचार व वर्तन यांत क्रमाक्रमाने बदल घडवणारी मानसोपचाराची पद्धती आणि आवश्यक तेथे औषधे, यांनी बहुसंख्य रुग्णांना आराम पडतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना 1960 च्या सुमारास इमिप्रामिन या औषधाने झटके थांबत असल्याचे आढळले. त्यानंतर अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाली आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. तत्काळ गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांची सवय जडते, म्हणून त्या स्वतःहून कधीही घेऊ नयेत. भारत सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो.

आता त्या थांबलेल्या गाडीकडे पुन्हा वळावे. काही महिन्यांनी तोच शिक्षक त्याच मार्गाने प्रवास करीत आहे. गाडी पुन्हा मध्येच थांबते, पुन्हा छाती धडधडू लागते. तो उठत नाही. पहारेकऱ्याची आरोळी त्याला ऐकू येते. पण चोर नाही, हेही आता त्याला ठाऊक आहे. तो सावकाश श्वास सोडतो आणि खिडकीबाहेरच्या शेतातील झाडे मोजतो. धडधड चढते, काही काळ टिकते आणि उतरते. भीती अजिबात वाटू नये असे त्याने काहीही मिळवलेले नाही. भीती वाटत असतानाही जागेवर बसता येते, एवढेच तो शिकला आहे; आणि त्याचा प्रवास पुढे चालू राहण्यास तेवढे पुरेसे आहे.