विमान तिकिटावरील कार्ड अधिभार आणि क्रेडिट कार्डाचा प्रवासविमा (ऑस्ट्रेलिया)

कार्ड अधिभार म्हणजे ग्राहकाने कार्डाने पैसे भरल्यास विक्रेता मूळ किमतीवर आकारतो ती जादा रक्कम होय. ऑस्ट्रेलियातील विमान कंपन्या तिकीट विकताना असा अधिभार घेतात. बँक खात्यातून थेट पैसे भरल्यास तो सामान्यतः लागत नाही. दुसरीकडे, तेथील अनेक प्लॅटिनम व त्यावरील श्रेणीच्या क्रेडिट कार्डांबरोबर परदेश प्रवासाचा विमा वेगळा हप्ता न घेता दिला जातो. मात्र हा विमा लागू होण्यासाठी प्रवासाचा ठरावीक खर्च त्याच कार्डाने केलेला असावा लागतो. त्यामुळे अधिभार वाचविण्यासाठी बँक हस्तांतरणाचा मार्ग निवडणारा प्रवासी नकळत विम्याला मुकू शकतो. दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात की नाही, हे मुख्यतः विमापत्रातील अटींच्या शब्दरचनेवर ठरते. अनेक विमापत्रांत संपूर्ण तिकीट कार्डाने घेण्याची अट नसते.

अधिभाराचा उगम

कार्डाने झालेल्या प्रत्येक व्यवहारावर विक्रेत्याला आपल्या बँकेकडे शुल्क भरावे लागते. त्यातील मोठा हिस्सा, ज्याला इंटरचेंज शुल्क म्हणतात, कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बक्षीस गुण, प्रवासविमा यांसारख्या सवलतींचा खर्च बँक या उत्पन्नातून आणि कार्डाच्या वार्षिक शुल्कातून भागविते. म्हणजे अधिभार आणि ‘मोफत’ विमा या एकाच पैशाच्या दोन बाजू आहेत. अधिभार भरणारा ग्राहक आपल्या विम्याचा काही खर्च स्वतःच उचलत असतो.

पूर्वी व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार विक्रेत्यांना अधिभार लावता येत नसे. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २००३ पासून हे बंधन उठविले. महागड्या कार्डाचा खर्च ते वापरणाऱ्यानेच सोसावा, रोखीने घेणाऱ्यावर तो पडू नये, असा त्यामागील विचार होता. विमान कंपन्यांनी मात्र टक्केवारीऐवजी ठोक रक्कम आकारण्यास सुरुवात केली. २०१६ पर्यंत देशांतर्गत प्रवासासाठी क्वांटास दर प्रवाशामागे ७ डॉलर, तर जेटस्टार ८.५० डॉलर घेत असे. ५० डॉलरच्या स्वस्त तिकिटावर ८.५० डॉलर म्हणजे १७ टक्के होतात. विक्रेत्याचा प्रत्यक्ष खर्च यापेक्षा कितीतरी कमी असल्याने या रकमेला अधिभार म्हणण्यापेक्षा दडवलेले भाडे म्हणणे अधिक योग्य ठरले असते.

ही रक्कम संकेतस्थळावर अगदी शेवटच्या टप्प्यात दाखविली जात असल्याने स्पर्धा व ग्राहक आयोगाने जेटस्टार आणि व्हर्जिन ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावे दाखल केले. २०१७ मध्ये न्यायालयाने जेटस्टारला ५,४५,००० डॉलर व व्हर्जिनला २,००,००० डॉलर दंड केला.

अवाजवी अधिभारावरील बंदी

२०१६ च्या कायद्याने विक्रेत्याला कार्ड स्वीकारण्यासाठी येणाऱ्या खर्चाहून अधिक अधिभार घेण्यास मनाई केली. ही तरतूद मोठ्या विक्रेत्यांना १ सप्टेंबर २०१६ पासून, तर इतर सर्वांना १ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाली. तिच्या अंमलबजावणीचे काम स्पर्धा व ग्राहक आयोगाकडे आहे. ढोबळमानाने व्हिसा व मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांवर हा खर्च ०.५ ते १ टक्का आणि क्रेडिट कार्डांवर १ ते १.५ टक्का असतो.

यानंतर क्वांटासने ठोक रक्कम सोडून क्रेडिट कार्डासाठी १.३ टक्के व डेबिट कार्डासाठी ०.६ टक्के आकारणी सुरू केली आणि तिला देशांतर्गत ११ डॉलर व आंतरराष्ट्रीय ७० डॉलर अशी कमाल मर्यादा घातली. स्वस्त तिकीट घेणाऱ्यांचा यात फायदा झाला. लांबच्या प्रवासाचे चित्र मात्र वेगळे होते. पूर्वी आंतरराष्ट्रीय तिकिटावर ३० डॉलर लागत. आता ४,००० डॉलरच्या तिकिटावर ५२ डॉलर लागू लागले. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिसा, मास्टरकार्ड व एफ्टपॉस या जाळ्यांवरील अधिभार पूर्णपणे काढून टाकण्याचा आणि त्याबरोबर इंटरचेंज शुल्काची मर्यादा खाली आणण्याचा प्रस्ताव मांडला.

विमा केव्हा लागू होतो

कार्डाच्या विम्याचे मूळ विमापत्र बँक व विमा कंपनी यांच्यात झालेले असते. कार्डधारक हा त्या करारातील पक्ष नसून, विमा करार अधिनियम १९८४ च्या परिभाषेत त्रयस्थ लाभार्थी असतो. त्यामुळे त्याच्या हाती स्वतःच्या नावाचे विमापत्र नसते आणि अटी पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे प्रवासापूर्वी त्याला कोणी आपण होऊन कळवत नाही. चूक लक्षात येते ती बहुधा दावा दाखल केल्यावर.

विमापत्रे बँकेगणिक वेगळी असतात व वेळोवेळी बदलतात. वाचताना पुढील शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिला मुद्दा रकमेचा. अनेक विमापत्रांत प्रवासास निघण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीमागे ठरावीक रक्कम, बऱ्याचदा ५०० डॉलर, कार्डावर खर्च होणे पुरेसे असते. काहींत मात्र परतीचे संपूर्ण तिकीट कार्डाने घ्यावे लागते. दुसरा मुद्दा खर्चाच्या प्रकाराचा. ‘आगाऊ भरलेला प्रवासखर्च’ असे म्हटले असेल, तर विमानभाड्याबरोबर हॉटेलचे किंवा सहलीचे आगाऊ भाडेही त्यात धरले जाऊ शकते. ‘विमानभाडे’ एवढेच म्हटले असेल, तर नाही. तिसरा मुद्दा व्यक्तींचा. कार्डधारक, जोडीदार व अवलंबून असलेली मुले यांना संरक्षण असते, पण प्रत्येकामागील खर्चाची अट बहुतेकदा स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागते. काही कार्डांवर याखेरीज निघण्यापूर्वी बँकेच्या संकेतस्थळावर विमा कार्यान्वित करण्याचीही अट असते.

भारतातून ऑस्ट्रेलियात मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तिकिटाचे पैसे मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या कार्डाने भरले, तरी त्यांना या विम्याचा लाभ मिळत नाही, कारण हा विमा सामान्यतः ऑस्ट्रेलियातील रहिवाशांना व ऑस्ट्रेलियातून सुरू होऊन तेथेच संपणाऱ्या प्रवासालाच लागू असतो. अशा पाहुण्यांचा विमा वेगळा काढावा लागतो.

अधिभार कमी करण्याचे मार्ग

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे विमानभाडे बँक खात्यातून भरणे आणि विम्याची अट अधिभार नसलेल्या दुसऱ्या प्रवासखर्चाने पूर्ण करणे. देयके भरण्याची बीपे ही व्यवस्था ऑस्ट्रेलियात १९९७ पासून चालू आहे. पैसे पोहोचण्यास वेळ लागत असल्याने विमान कंपन्या ती उड्डाणाच्या अगदी जवळच्या तारखेसाठी स्वीकारत नाहीत. पोली ही खात्यातून तत्काळ पैसे भरण्याची सेवा या कामासाठी फार लोकप्रिय होती, पण ऑस्ट्रेलियात ती सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली.

आगाऊ भरण्याजोगा दुसरा खर्च नसेल, तर रकमेची विभागणी करता येते. समजा, मेलबर्नहून मुंबईला जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची तिकिटे प्रत्येकी १,६०० डॉलर, म्हणजे एकूण ६,४०० डॉलरची आहेत. सगळी रक्कम १.३ टक्के अधिभाराने कार्डावर भरल्यास ८३.२० डॉलर जादा जातात. विमापत्रात प्रत्येकी ५०० डॉलरची अट असेल, तर केवळ २,००० डॉलर कार्डावर भरून उरलेली रक्कम खात्यातून देता येते आणि अधिभार २६ डॉलरवर येतो. हॉटेलचे भाडे आगाऊ भरून तोही शून्यावर आणता येईल, परंतु मुंबई-पुण्यात नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना हा पर्याय नसतो. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच तिकिटाचे पैसे दोन पद्धतींनी भरण्याची सोय नसते, अशा वेळी प्रवास कंपनीमार्फत तिकीट काढल्यास विभागणी होऊ शकते. मात्र ती कंपनी स्वतःचा अधिभार लावते का, हे आधी विचारणे आवश्यक ठरते.

विमान कंपनीचे भेटपत्र कार्डाने विकत घेऊन त्यावर तिकीट काढण्याची युक्तीही वापरली जाते. तिकिटावर तेव्हा अधिभार लागत नाही, पण कार्डाच्या नोंदीत भेटपत्राची खरेदी दिसते, प्रवासखर्च नव्हे. विमा कंपनीकडून लेखी दुजोरा घेतल्याशिवाय या मार्गावर विसंबणे धोक्याचे आहे. बक्षीस गुणांवर घेतलेल्या तिकिटाबाबतही विमापत्रात स्पष्ट उल्लेख हवा. डेबिट कार्डाचा अधिभार कमी असला, तरी त्याने केलेला खर्च क्रेडिट कार्डाच्या विम्यासाठी धरला जात नाही.

बचतीची दुसरी बाजू

वरील उदाहरणात प्रश्न ८३ डॉलरचा आहे. ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्था परदेशातील उपचारांचा खर्च देत नाही. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, इटली, स्वीडन अशा मोजक्या देशांशी परस्पर आरोग्यसेवेचे करार आहेत; भारताशी तसा करार नाही. गंभीर आजारात रुग्णाला वैद्यकीय पथकासह विमानाने परत आणण्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. अटींचा अर्थ संदिग्ध असेल, तेव्हा पूर्ण अधिभार भरणे किंवा स्वतंत्र विमा घेणे हेच शहाणपणाचे. शिवाय अटी पूर्ण झाल्या तरी पूर्वीपासूनचे आजार, वयोमर्यादा, प्रवासाचे कमाल दिवस आणि दाव्यातील स्वतः सोसावयाची रक्कम यांची बंधने राहतातच.

खात्यातून पैसे भरताना आणखी एक संरक्षण हातचे जाते. सेवा मिळाली नाही, तर व्हिसा व मास्टरकार्डच्या नियमांनुसार कार्डधारक आपल्या बँकेकडे व्यवहार उलटविण्याची मागणी करू शकतो. बीपेने किंवा खात्यातून थेट दिलेल्या पैशांना ही सोय नाही. जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू करणारी बोन्झा ही कंपनी ३० एप्रिल २०२४ रोजी अचानक बंद पडली, तेव्हा कार्डाने तिकीट घेतलेल्यांना आपल्या बँकेकडे जाण्याचा मार्ग उरला होता. विमान कंपनीची दिवाळखोरी अनेक प्रवासविम्यांत वगळलेली असते, त्यामुळे ही तरतूद कधीकधी विम्याहून अधिक उपयोगी पडते.

विमा कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम तिच्याच तक्रार विभागाकडे आणि तेथे निराकरण न झाल्यास १ नोव्हेंबर २०१८ पासून कार्यरत असलेल्या ऑस्ट्रेलियन वित्तीय तक्रार प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यासाठी कार्डाचे मासिक विवरण, तिकिटाची पावती आणि प्रवासाच्या वेळी लागू असलेली विमापत्राची प्रत जवळ असावी लागते. बँका संकेतस्थळावर नवी प्रत ठेवतात तेव्हा जुनी बऱ्याचदा तेथून काढून टाकलेली असते.