संगणक-संवादी जॅझ वादन

संगणक-संवादी जॅझ वादन : वादकाने आयत्या वेळी वाजविलेले स्वर संगणकाने टिपून त्यांचे विश्लेषण करावे व तत्क्षणी स्वतःच्या स्वरांनी त्यांना प्रतिसाद द्यावा, अशी आधुनिक जॅझमधील एक वादनपद्धती. ध्वनिमुद्रित साथीवर वाजविण्याहून ती मूलतः भिन्न आहे. मुद्रित साथ वादकासाठी बदलत नाही. संवादी संगणकाचे वादन मात्र प्रत्येक मैफलीत वेगळे होते.

मॅक्स मॅथ्यूज ह्याने १९५७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाद्वारे संगीतध्वनी निर्माण केले; परंतु अल्पकालीन ध्वनीसाठीही संगणकाला दीर्घकाळ आकडेमोड करावी लागे. त्यामुळे उत्स्फूर्त वादनास तो निरुपयोगी होता. १९७५ नंतर लहान व स्वस्त सूक्ष्मसंगणक मिळू लागले आणि १९८३ मध्ये वाद्ये व संगणक ह्यांना जोडणारी ‘मिडी’ ही प्रमाणित संकेतप्रणाली आली. त्यांमुळे ही अडचण दूर झाली.

ह्या क्षेत्रात शिकागोचा ट्राँबोनवादक व रचनाकार जॉर्ज लूइस (१४ जुलै १९५२ – ) ह्याचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. पॅरिस येथील ‘ईर्काम’ ह्या संस्थेत १९८४ मध्ये सादर झालेल्या त्याच्या रेनबो फॅमिली ह्या रचनेत सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी ह्याचा सहभाग होता. त्यानंतर लूइसने व्हॉयेजर ही आज्ञावली रचली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ध्वनिमुद्रिकेत रॉस्को मिचेल ह्याने सॅक्सोफोन वाजविला आहे. अल्टो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन ह्यानेही १९९९ मध्ये ‘ईर्काम’च्या साहाय्याने अशा प्रकारचा प्रयोग केला.

व्हॉयेजरमध्ये सॅक्सोफोनचा ध्वनी ध्वनिग्राहकातून परिवर्तकाकडे जातो व तेथे त्याचे अंकीय संकेतांत रूपांतर होते. स्वरांची तारता, तीव्रता, वेग, त्यांमधील अंतरे इत्यादींची सरासरी आज्ञावली सतत काढते. तिच्यात एकेक स्वरपंक्ती वाजविणारे ६४ स्वतंत्र ‘वादक’ कल्पिलेले असून त्यांचे गट काही सेकंदांच्या अंतराने नव्याने जुळविले जातात. प्रत्येक गट मानवी वादकाचे अनुकरण करतो, त्याच्या विरुद्ध जातो किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. मानवी वादक थांबला, तरी संगणकाचे वादन चालू राहू शकते.

ह्यामुळे संगणक हे वाद्य की सहवादक, असा प्रश्न उपस्थित होतो. लूइसच्या मते तो सहवादक होय. वादकाने आज्ञा द्यावी व यंत्राने ती पाळावी, हे नाते त्याने जाणीवपूर्वक नाकारले. अनेक स्वरपंक्तींना एकाच वेळी समान स्थान देण्याची वृत्ती त्याने आफ्रिकी-अमेरिकन परंपरेतून घेतली. आज्ञावली सांस्कृतिक दृष्ट्या तटस्थ नसते, तिच्यात रचणाऱ्याच्या संगीतविषयक धारणा उतरतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. ह्या पद्धतीला मर्यादाही आहेत. सॅक्सोफोनमधील श्वासमिश्रित किंवा एकाच फुंकीतून निघणारे बहुस्वरी ध्वनी तारतेच्या आकड्यांत नीट पकडले जात नाहीत. जॅझची अभिव्यक्ती तर पुष्कळदा त्यांवरच अवलंबून असते. म्हणून यंत्राला किती ‘ऐकू येते’, हे अखेर ते रचणाऱ्याने ऐकण्याजोगे काय मानले, ह्यावर ठरते.

[→ जॅझ संगीत, सॅक्सोफोन].