दुकान हिंगोलीत, पत्ता मुंबईचा!

हिंगोली, वसमत, कळमनुरीचे व्यापारी आता घरच्या इंटरनेटवरूनच माल मागवितात, हिशेब पाठवितात. अशातच एखादा संदेश येतो : ‘तुमचे ई-मेल खाते मुंबईत उघडले गेले.’ घरातील माणसाने आताच खाते उघडलेले असते, तरी काळजात धस्स होते.

व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे की, कनेक्शनचा आयपी क्रमांक नेट कंपनीच्या नावे नोंदलेला असतो, आपल्या घराच्या पत्त्यावर नव्हे. त्यावरून गावाचा केवळ अंदाज बांधतात. कंपनीचे केंद्र मुंबईत असेल तर मुंबईच दिसते. अमेरिकेत अशाच अंदाजापायी कोट्यवधी क्रमांकांचा पत्ता म्हणून कॅन्ससमधील एक शेत दाखविले जात होते. २०१६ मध्ये हे उजेडात आले.

उपाय सोपे आहेत. व्हीपीएन चालू असल्यास बंद करावे. ब्राऊझरला लोकेशनची परवानगी द्यावी. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास नेट कंपनीकडे नोंद दुरुस्तीची मागणी करावी.

संदेशात मात्र गावाआधी वेळ आणि उपकरण तपासावे. ती आपली नसतील तर पासवर्ड लगेच बदलावा. पैसे गेले असल्यास बँकेला व १९३० क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे उशीर महागात पडतो.