बापाच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव? (वारसाहक्क लेखमाला : लेखांक 6)

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला केज-अंबाजोगाईकडचा आणि पाटोद्याकडचा रस्ता मिळतो. महामार्ग चौपदरी झाला तशी अशा चौकांच्या आसपासच्या मुरमाड रानालाही किंमत आली. जमिनीला किंमत आली की घरातली जुनी प्रकरणं कागदावर येतात. बाप गेला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं. गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नावं चढतात, मग फेरफार होतो. त्याच वेळी शेजारच्या गल्लीतलं एक पोर येऊन म्हणतं, ‘मीही त्यांचाच.’ हरकत येते, नोंद तक्रारी होते आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखा सुरू होतात.

त्या पोराला काय मिळतं? या प्रश्नाचं उत्तर एके काळी बापाची जात पाहून दिलं जात होतं.

त्याचं मूळ मराठवाड्याला लागूनच आहे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तिच्यातला नियम असा : ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या दासीपुत्राला फक्त पोटापुरतं. शूद्राच्या दासीपुत्राला मात्र बाप हयात असेल तर त्याच्या मर्जीने वाटा, आणि बापामागे औरस भावांच्या निम्म्याने. इंग्रजी न्यायालयांनी हा निम्मा असा मोजला की एक औरस आणि एक अनौरस असेल तर औरसाला बारा आणे, दासीपुत्राला चार आणे. अटीही होत्याच. आई त्या पुरुषाकडे कायमची राहिलेली हवी, संबंध व्यभिचाराचा नको. पाट लावलेल्या बाईची आधीच्या नवऱ्याशी फारकत झाली नसेल, तर तिची मुलं यातून बाहेर पडायची. आणि मुलगी? अनौरस मुलगी कोणत्याही वर्णाच्या बापाची वारस नव्हती.

थोडक्यात, दासीपुत्राला वाटा हवा असेल तर आपला बाप शूद्र होता हे त्याला कोर्टात सिद्ध करावं लागे. वाटा टाळायचा असेल तर औरस वारसांनी क्षत्रियत्वाचे पुरावे मांडायचे. एका लेकराच्या भाकरीसाठी अख्ख्या जातीची वंशावळ न्यायाधीशापुढे उलगडली जायची.

तंजावरच्या भोसल्यांचं उदाहरण यात सगळ्यांत बोलकं आहे. शेवटचे राजे दुसरे शिवाजी 1855 मध्ये वारले. औरस मुलगा नव्हता, कंपनीने राज्य खालसा केलं, पण खासगी मालमत्तेचा वाद पुढच्या पिढ्यांपर्यंत चालला. राजांच्या तलवारीशी लग्न लावून वाड्यात आणलेल्या स्त्रियांच्या वंशजांनी हक्क सांगितला, आणि खटल्यात कोल्हापूरचे महाराजही पक्षकार होते. मद्रास उच्च न्यायालयाने 1920च्या दशकात त्या स्त्रियांना विवाहित राण्या मानलं नाही, पण तंजावरचं घराणं शूद्र वर्णातलं ठरवलं. दासीपुत्रांच्या हक्काचा रस्ता या निकालातूनच जात होता. पुढे 1928 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठ्यांचे तीन वर्ग केले : पाच कुळी, शहाण्णव कुळी आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय, तिसरा शूद्र. एकाच भोसले नावाला एका न्यायालयात एक वर्ण, दुसऱ्यात दुसरा. वेदोक्त प्रकरणात ज्या कोल्हापूरने क्षत्रियत्वासाठी एवढा झगडा केला, त्याला मद्रासचा निकाल किती झोंबला असेल याची कल्पना करता येते. तरी मुलाच्या बाजूने पाहिलं तर अपमान त्याचाच मोठा होता, कारण चार आणे पदरात पडायचे तेही बापाला कमी वर्णाचा ठरवून.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वर्णाचा हा हिशेब मोडीत काढला, हे निःसंशय चांगलं झालं. पण त्याबरोबर दासीपुत्राचे चार आणेही गेले. अनौरस मूल आईचं वारस, बापाचं नाही, असा सरसकट नियम झाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम 16 मुलांना वाचवायला होतं, पण लग्न रद्द ठरवणारा हुकूम झालेला असेल तरच. 1976 ची दुरुस्ती आली आणि हुकुमाची अट गेली. तेव्हापासून कायद्याने निरर्थक असलेल्या लग्नाची मुलंही औरस मानली जातात, मात्र त्यांचा हक्क आईबापाच्या मालमत्तेपुरताच.

निरर्थक लग्न म्हणजे मुख्यतः पहिली बायको असताना केलेलं दुसरं. गावाकडे हे बहुतेक वेळा बाँडपेपरवरच्या फारकतीतून घडतं. पंचांच्या सह्या होतात, दोघंही सुटल्याचं मानतात, नवरा दुसरं लग्न करतो. पण जातीत तशी रूढी होती हे कोर्टात शाबीत झालं नाही तर पहिलं लग्न कायमच राहतं. बीडच्या जुन्या पिढीचा मुद्दा वेगळा. द्विभार्याबंदीचा मुंबई इलाख्याचा 1946 चा कायदा निजामाच्या मुलखातल्या बीडला लागू नव्हता. त्यामुळे हिंदू विवाह कायदा लागू झाला त्या 18 मे 1955 पूर्वीचं लग्न असेल तर आजीला ‘दुसरी’ म्हणून बाजूला काढण्याआधी लग्नाचं साल विचारावं.

वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न मात्र अडून होता. तो सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 1 सप्टेंबर 2023 रोजी रेवणसिद्धप्पा प्रकरणात सोडवला. समजा, बारा एकर वडिलोपार्जित रान आहे. बाप, पहिली बायको, तिचा एक मुलगा, आणि दुसरीची दोन लेकरं. बाप मरण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरायचं : बाप चार, बायको चार, मुलगा चार एकर. मग बापाचे चार एकर पहिली बायको, तिचा मुलगा आणि दुसरीची दोन्ही लेकरं यांत सारखे वाटायचे, प्रत्येकी एक एकर. मुलगा असो की मुलगी, फरक नाही. पण ही लेकरं जन्माने त्या एकत्र कुटुंबाची हिस्सेदार होत नाहीत. बाप जिवंत असताना वाटणी मागता येत नाही, आणि आजोबा-चुलत्यांच्या हिश्श्यावर हात ठेवता येत नाही.

आणि लग्नच झालं नसेल तर? शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 मध्ये आलं. बाप लिंगायत पाटील, आई महार, अशा मुलाची ती कहाणी. आजही तशा मुलाला कलम 16 चा उपयोग नाही, कारण त्याला आधी कसलं तरी लग्न लागतं. अज्ञान मुलाला आणि अविवाहित मुलीला बापाच्या मिळकतीतून पोटगी मिळू शकते. जमिनीत हिस्सा नाही. दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून नांदली असतील तर न्यायालय लग्न झाल्याचं गृहीत धरतं, पण पहिली बायको हयात असेल तर त्या गृहीतकाचा काही उपयोग होत नाही. बिनलग्नाच्या मुलाला बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतही हक्क न देणारा हा नियम अन्यायाचा आहे आणि तो संसदेनेच बदलायला हवा.

तोवर मांजरसुंब्याच्या त्या पोराने शाळेचा निर्गम उतारा, रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, पत्रिका जमवून ठेवावी. फेरफारात नाव आलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. महसुली नोंद मालकी ठरवत नाही, ती दिवाणी न्यायालय ठरवतं. वरच्या हिशेबात दुसऱ्या बायकोच्या नावापुढे एक गुंठाही नाही. तिच्या पोटगीचं काय, ते पुढच्या आठवड्यात.