गळणारा रेडिएटर आणि कुजलेली जाळी

ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलवर पाणी ठिबकताना दिसलं, की दोन सल्ले लगेच मिळतात. एक म्हणतो, डाख मारून आण, भागेल. दुसरा म्हणतो, जुन्याच्या नादी लागू नको, नवा रेडिएटर टाक. सल्ले उलटे असले तरी दोघांनी पाहिलेलं एकच असतं: गळती. माझ्या मते घोळ इथेच होतो. महिंद्राचा बी-275, मॅसीचा 1035, स्वराज 735 अशा जुन्या ट्रॅक्टरांचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गळत असूनही आतून धडधाकट असू शकतो, आणि एक थेंबही न गाळणारा रेडिएटर कामातून गेलेला असू शकतो. दुरुस्ती की बदली, हे ठरवायचं ते जाळीवरून.

रेडिएटर म्हणजे वर एक टाकी, खाली एक टाकी आणि मधे जाळी. जाळीत पातळ, चपट्या नळ्या उभ्या असतात आणि त्यांना तांब्याच्या कागदासारख्या पातळ पाकळ्या जोडलेल्या असतात. डिझेलमधून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढाच धुराड्यातून जातो, आणि राहिलेल्यातला बराचसा पाण्यावाटे या जाळीकडे येतो. पाण्यातून नळीला, नळीतून पाकळीला, पाकळीतून वाऱ्याला असा उष्णतेचा प्रवास आहे. यातला कुठलाही सांधा तुटला की रेडिएटर निकामी होतो, मग तो गळो वा न गळो. जुन्या जाळीची पाकळी चिमटीत धरून पाहावी. ती वाकली आणि नळीला चिकटून राहिली तर जाळीत जीव आहे. बोटांत हिरवट भुकटी आली, तर कळंकाने पाकळी आणि नळी यांच्यातला डाख खाल्लेला आहे. असा रेडिएटर पाणी धरून ठेवेल, पण त्याची उष्णता वाऱ्याला देणार नाही.

नळ्यांच्या आतलं बाहेरून दिसत नाही. कारागीर गॅसची ज्योत वरच्या टाकीच्या कडेने फिरवतो, डाख पाझरतो आणि टाकी अलगद सुटते. खाली पितळी पत्र्यात बसवलेली नळ्यांची तोंडं दिसतात. बऱ्याच रेडिएटरांत त्या तोंडांवर पांढरा, खडबडीत थर असतो. पाणी तापवायच्या बंबाला आतून जो थर चढतो तोच हा. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि पाणी तापलं की ते विरघळून राहण्याऐवजी धातूवर बसतात. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, आणि रोज सकाळी घातलेल्या तांब्याभर पाण्याबरोबर नवे क्षार येतात. या थरातून उष्णता तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी जाते, शिवाय आधीच अरुंद असलेली नळी आणखी आवळते. थर कोवळा असेल तर चपटी पट्टी एकेका नळीतून फिरवून तो काढता येतो. पट्टी सहज पार गेली आणि नळीचा पत्रा टिकला, तर टाकी पुन्हा बसवावी, रेडिएटर अजून पुष्कळ चालेल. पट्टी घालताच नळी फाटू लागली, तर त्या जाळीवर पैसे घालू नयेत.

ट्रॅक्टर तापतो म्हणून रेडिएटर खोलायच्या आधी मात्र बाकीचे संशयित तपासावेत. सगळ्यात स्वस्त संशयित म्हणजे टोपण. जुन्या ट्रॅक्टरांवरचं टोपण अनेकदा चौरस इंचाला 7 पौंडांच्या आसपास दाब धरतं, आणि तेवढ्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे 11 अंशांनी वर जातो. पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी 98 अंशांना उकळतं. टोपणाचं रबर चिरलं, तर इंजिनातलं पाणीही तिथेच उकळणार. ढिला पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट, आतून सोललेला होस पाइप आणि जाळीच्या तोंडावर बसलेला भुसा-पाचट यांनीही इंजिन तापतं. मळणीनंतर जाळी इंजिनाच्या बाजूने हवा मारून साफ करावी. समोरून मारली तर कचरा आणखी आत रुततो. इंजिन थंड असताना टोपण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर दोष बहुधा हेड गॅस्केटचा असतो. तिथे नवा रेडिएटर बसवणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलमपट्टी भलतीकडे.

डाख टिकत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खोटी नाही. पण टिकत नाही त्याची कारणं बघा. कल्हईवाला नवसागर टाकून भांडं लखलखीत केल्याशिवाय कथील लावत नसे, कारण मळक्या धातूला कथील धरत नाही. डाखाचंही तसंच आहे. गळती दिसेल तिथे वरून थापलेला गोळा पहिल्या नांगरटीच्या हादऱ्यांत सुटतो. पत्रा घासून, ॲसिड लावून, सांध्यात पाझरलेला डाख वर्षानुवर्षं राहतो. दुसरं कारण रेडिएटरच्या बुडाशी असतं. तिथली रबरं चेपली की प्रत्येक खड्ड्याचा पीळ थेट टाकीच्या कडेला बसतो. रबरं न बदलता डाख मारला तर तो तिथेच पुन्हा फुटेल. आणि हळद किंवा मसाला टाकून गळती थांबवण्याचा उपाय शेतातून घरापर्यंत यायला ठीक आहे, त्यापुढे नाही. जी हळद भोक बुजवते ती चांगल्या नळ्याही बुजवते, आणि पुढे कारागिराने डाख मारायचा म्हटलं तर त्या राड्यावर तो धरत नाही.

आता नव्याच्या बाजूने जे म्हटलं जातं त्याकडे वळू. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो आणि वाईट मुळीच नसतो. तांबं जास्त उष्णतावाहक असलं, तरी ॲल्युमिनियमच्या रुंद नळ्यांनी ती कसर भरून निघते. फरक पडतो तो पुढे. त्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या पत्र्याची कड दुमडून बसवलेल्या असतात. तिथे ज्योत चालत नाही आणि ॲल्युमिनियमवर साधा डाखही धरत नाही, म्हणजे बिघडला की बहुधा सगळाच काढायचा. पितळ वितळायला 900 अंश लागतात, डाख 200 च्या आसपास सुटतो. त्यामुळे जुना रेडिएटर कितीही वेळा उघडून पुन्हा मिटता येतो. हा त्याच्या घडणीतलाच गुण आहे. म्हणून जाळी खरंच कुजली असेल, तर जुन्या टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या तशाच ठेवून फक्त नवी जाळी भरून घ्यावी, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. टाक्यांचं जाड पितळ सहसा जाळीच्या आधी मरत नाही, आणि बोल्टाची भोकं, पाइपची तोंडं, पंख्याचं अंतर सगळं मूळचंच राहतं. नवी जाळी घेताना जुनीइतक्याच ओळी आणि तेवढीच जाडी आहे ना, हे मोजून घ्यावं. चार ओळींच्या जागी तीन ओळींची जाळी दिसायला तशीच दिसते, मेच्या उन्हात रोटाव्हेटर लावला की फरक कळतो. जुनी जाळी तांब्या-पितळेची मोड आहे. ती वजन करून हिशेबात धरायला सांगावी.

यावर खरा वजनदार आक्षेप वेळेचा आहे. वळीव पडून गेलाय, पेरणी दारात आहे आणि ट्रॅक्टर भाड्याने चालतो. अशा वेळी जाळी भरून यायची वाट पाहत बसा, असं कुणालाही सांगता येणार नाही. तेव्हा तयार रेडिएटर आणून बसवणं योग्यच. जवळपास जाळी भरणारा कारागीरच उरला नसेल, तरी उत्तर तेच. मात्र काढलेला रेडिएटर त्याच दिवशी मोडीत घालू नये; जाळीत जीव असेल तर सवडीने दुरुस्त करून तो ठेवणीत राहतो. ट्रॅक्टरच जुना, त्यावर खर्च कशाला, असंही म्हणतात. पण पाणी उकळून हेड वाकलं, की त्या खर्चापुढे जाळीचा खर्च किरकोळ ठरतो, मग ट्रॅक्टर कितीही जुना असो.

जुनी जाळी ठेवा, नवी भरा किंवा अख्खा रेडिएटर बदला. आत पुन्हा बोअरचंच पाणी ओतलं तर तोच थर नव्याने चढू लागतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारलं जातं. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, आणि निम्म्या प्रमाणात मिसळलं तर पाण्याचा उत्कलनबिंदूही काही अंशांनी चढतो. ते डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं. काढलेलं कूलंट मात्र गोठ्याजवळ बादलीत ठेवू नये; ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि जनावर त्याला तोंड लावतं. तपासणीची चांगली वेळ श्रावणातली, पेरण्या आटोपून ट्रॅक्टर उभा असतो तेव्हाची. इंजिन थंड असताना खालची तोटी उघडावी आणि पहिलं पाणी पांढऱ्या भांड्यात धरावं. तांबूस असेल तर इंजिनाच्या आत गंज धरलाय, हिरवट भुकटी असेल तर तांब्याला कळंक लागलाय, तळाशी पांढरी कणी बसली तर क्षार सुटू लागलेत. आणि तोटी पूर्ण उघडूनही धार करंगळीएवढी असेल, तर आधी तारेने तोटी मोकळी करावी. धार तरीही तेवढीच राहिली, तर टाकी उघडायला सांगावी.