उसाच्या लागणीची नोंद व कारखान्याचा ताळेबंद

सहकारी साखर कारखान्यास तोटा का आला, असा प्रश्न निघाला की साखरेच्या बाजारभावाकडे बोट दाखविले जाते. ते अगदीच चूक नाही. परंतु ताळेबंदाचा बराच भाग गाळपापूर्वी वर्ष-दीड वर्ष, उसाच्या लागणीच्या वेळीच ठरून गेलेला असतो.

हिशेब करून पाहू. समजा, कारखान्याची गाळपक्षमता दररोज २,५०० टन असून पगार, व्याज, घसारा इत्यादी स्थिर खर्च वर्षास २० कोटी रुपये आहे. १६० दिवस गाळप झाल्यास ४ लाख टनांवर हा खर्च टनामागे ५०० रुपये पडतो. ऊस अपुरा पडून शंभरच दिवस गाळप चालले, तर तोच ८०० रुपये होतो. रास्त व किफायतशीर दर तर कायद्याने, तोही १४ दिवसांत, द्यावाच लागतो. त्यामुळे हे ३०० रुपये प्रथम सभासदास मिळू शकणारा वाढीव दर खातात व पुढे कर्ज होऊन बसतात.

ऊस फार झाला तरी संकट टळत नाही. महाराष्ट्रात २०१९-२० च्या हंगामात साखरेचे उत्पादन सुमारे ६२ लाख टनांपर्यंत घसरले होते. २०२१-२२ मध्ये ते सुमारे १३७ लाख टन झाले आणि गाळप जूनपर्यंत रेंगाळले. उन्हात उभ्या उसाचे वजन घटते, उताराही उतरतो. उतारा एक टक्क्याने घटला, तर वरील ४ लाख टनांवर ४० हजार क्विंटल साखर हातची जाते.

म्हणून आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांचे क्षेत्र असे बेतावे लागते की, हंगामभर रोज पक्व ऊस मिळावा. को.सी. ६७१ सारख्या लवकर पक्व होणाऱ्या जातीस हंगामाच्या आरंभी स्थान असते ते याचसाठी.

हे सारे नोंदवहीवर अवलंबून आहे. एका गटात पाहणी करताना मला कित्येक फडांच्या लागण-तारखा महिना-दीड महिना मागच्या लिहिलेल्या आढळल्या. तोड लवकर मिळावी, हा हेतू. (त्यात शेतकऱ्यालाच दोष देणे बरोबर नव्हे, तोडीस विलंब झाल्याचे चटके त्याने सोसलेले असतात.) परिणामी कोवळा ऊस आधी गेला, शेजारच्या फडातील पक्व ऊस तुरा येऊन उभा राहिला. ग्रामसेवकांनी लागणीनंतर पंधरवड्याच्या आत, उगवण दिसत असतानाच, फडावर जाऊन तारीख लिहावी. पुढे ऊस कमरेएवढा झाल्यावर ती कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.