मागच्या ॲक्सलची गळती : सील बदलावे की सारा ॲक्सल?

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे किंवा मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पावसाळ्यात वाहनांची खरी परीक्षा होते. प्रवासी जीप, भाजीपाला वाहणाऱ्या पिकअप आणि सुट्टीच्या दिवशी शहरांतून येणाऱ्या मोटारी या साऱ्यांना खड्डे, चिखल आणि पाण्याखाली गेलेल्या मोऱ्या ओलांडाव्या लागतात. अशा प्रवासानंतर मागच्या चाकाच्या आतील बाजूस तेलाचा काळपट ओघळ दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

शहरातील बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. त्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये तेल नसतेच. तेथे ओघळ दिसल्यास तो बहुधा ब्रेक ऑइलचा असतो. बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, ओम्नी, ईको अशा वाहनांत मात्र शक्ती मागच्या चाकांना मिळते. त्यांच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दंतचक्रे जाड गिअर ऑइलमध्ये फिरतात. गिअर ऑइल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते. गळती नेमकी कशाची, हे या फरकावरून बरेचसे कळते.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. प्रोपेलर शाफ्ट जेथे डिफरन्शियलला जोडला जातो तेथील पिनियन सील, दोन्ही चाकांकडील शाफ्टची सीले, मागील झाकणाचे गॅस्केट आणि तेल काढण्याचा नट या त्या जागा होत. परंतु अनेकदा मूळ दोष सीलमध्ये नसून ॲक्सलवरील ‘ब्रिदर’ या लहानशा श्वासनलिकेत असतो. वाहन धावू लागले की आतील तेल व हवा तापते आणि प्रसरण पावते. ही हवा ब्रिदरमधून बाहेर पडते. चिखलाने ब्रिदर बुजला, की वाढलेला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते व पाणी आत खेचले जाते. तेलाला दुधाळ रंग आला असेल, तर पाणी शिरले असे समजावे आणि तेल ताबडतोब बदलावे. ब्रिदर साफ न करता नवे सील बसविले, तर तेही लवकरच गळू लागते.

चाकाकडील सील गळणे सर्वांत धोक्याचे. तेथून निघालेले तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि लायनर तेलकट होतात. मग माळशेज किंवा कसारा घाट उतरताना त्या चाकाचा ब्रेक लागत नाही, वाहन एका बाजूला ओढले जाते. तेलात भिजलेले लायनर उन्हात वाळवून वा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसविण्याची पद्धत घातक आहे. तेल लायनरच्या आत मुरलेले असते. ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. म्हणून लायनर दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत.

सील स्वतः फार महाग नसते. खर्च वाढतो तो मजुरीने आणि सोबतच्या सुट्या भागांनी. बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट हलतो आणि नवे सीलही टिकत नाही. अनेक वाहनांत हे बेअरिंग शाफ्टवर घट्ट दाबून बसविलेले असते. ते हातोड्याने न काढता प्रेसवर काढावे. सील टेकते त्या जागी शाफ्टवर चर पडला असेल, तर शाफ्टही बदलावा लागतो. पिनियनचा नट अंदाजाने आवळू नये. तो प्रमाणाबाहेर आवळला गेल्यास बेअरिंग तापून निकामी होते.

सारा ॲक्सल बदलण्याची वेळ क्वचितच येते. हौसिंगला तडा जाणे, ते वाकणे किंवा तेल संपल्याने क्राऊन-पिनियनचे दात झिजून सतत घरघर ऐकू येणे, ही त्याची कारणे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना ॲक्सल आणायचा असेल, तर त्याचे दातांचे प्रमाण मूळ ॲक्सलइतकेच आहे का, हे तपासावे. प्रमाण वेगळे निघाल्यास वाहनाची ओढ आणि वेग दोन्ही बदलतात.

दुरुस्तीनंतर वाहन सपाट जागी उभे करून, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे तेल भरणीच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. जास्त तेलानेही गळती होते.

काढलेले तेल मात्र ओढ्यात वा शेताच्या बांधावर ओतू नये. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच पोचायला हवे. भातसा आणि तानसा हे मुंबईची तहान भागविणारे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत, याचे भान गॅरेजवाल्याइतकेच वाहनमालकानेही ठेवायला हवे.